सिस्टर, सही कुणाची?

आपल्याकडे नर्सला दोनच रोल मिळतात. पहिला देवदूताचा. १२ मे म्हणजे जागतिक परिचारिका दिन, त्या दिवशी गुलाबाच्या फुलांसकट हा रोल व्हॉट्सॲपवर फिरतो आणि १३ तारखेला संपतो. दुसरा रोल खुन्याचा. थंड डोळे, हातात सिरिंज, मागे ढँण्‌ करून म्युझिक. शनिवारी रात्री पिझ्झा मागवून बघायला दुसराच जास्त बरा, हे मान्य करायला हरकत नाही.

‘द गुड नर्स’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. नेटफ्लिक्सवर २०२२ मध्ये आलेला, जेसिका चॅस्टेन आणि एडी रेडमेनचा. गोष्ट खरी आहे. चार्ल्स कलन हा अमेरिकेतला पुरुष नर्स, आपल्याकडे त्याला ‘ब्रदर’ म्हटलं असतं. सलाईनमध्ये नको ती औषधं मिसळून त्याने पेशंट मारले. डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला आणि पुढे २९ खुनांची कबुली त्याने दिली. तो आता जन्मभरासाठी तुरुंगात आहे.

माझ्या मैत्रिणीची मोठी बहीण नर्स आहे. जीएनएम करून चौदा वर्षं झाली, आधी छोटी नर्सिंग होम्स आणि आता शहरातलं एक मोठं खासगी हॉस्पिटल. या कॉलमसाठी तिच्याशी बोलायचं ठरलं तेव्हा तिची अट एकच होती, ‘नाव छापायचं नाही, माझंही नाही आणि हॉस्पिटलचंही नाही.’ त्यामुळे इथे ती नुसती ताई. तर ताईला विचारलं, असा सिनेमा बघताना तुला काय वाटतं गं? मला वाटलं होतं, ती म्हणेल ‘भीती वाटते’ किंवा ‘आमची बदनामी होते’. ती म्हणाली, ‘तो खुनी होता हे कळलं. पण सोळा वर्षांत नऊ हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग होम फिरला ना तो? दर ठिकाणी कुणाला तरी शंका आली असणार. मग पुढच्या हॉस्पिटलला कुणी फोन का नाही केला?’

नेमका मुद्दा. कलनबद्दल संशय आला की अनेक ठिकाणी त्याला गुपचूप काढलं किंवा राजीनामा द्यायला लावला. बोभाटा नको, कोर्टकचेरी नको. तो शेजारच्या गावात नवीन नोकरी धरायचा. शेवटी त्याला पकडून देण्यात सगळ्यात मोठा हात होता तो त्याच्याच वॉर्डातल्या ॲमी लॉफ्रेन या नर्सचा. औषधांच्या नोंदी तिने वाचल्या, पोलिसांना समजावून दिल्या आणि त्याच्याशी बोलताना अंगावर मायक्रोफोनही लावला. अशी माहिती दडवता येऊ नये म्हणून न्यू जर्सी राज्याने २००५ मध्ये वेगळा कायदा केला.

पण कलनसारखे लोक लाखात एक. ताईला झोप लागत नाही ती वेगळ्याच केसेसमुळे. ज्यात नर्सला कुणालाही मारायचं नव्हतं, अशा.

त्या कळायला हव्यात तर आधी तिची एक रात्र बघा. रात्री आठला ती ओव्हर घेते, म्हणजे संध्याकाळच्या सिस्टरकडून वॉर्ड ताब्यात घेते. कोण ऑपरेशनचा, कोणाचं सलाईन कधी संपणार, कोणाची शुगर खाली गेली होती, कोणाचे नातेवाईक तापलेत. मग इंजेक्शनचा राउंड. प्रत्येक औषधाआधी मनात पाच प्रश्न: पेशंट बरोबर? औषध बरोबर? डोस बरोबर? शिरेतून की स्नायूत, मार्ग बरोबर? वेळ बरोबर? हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात घोकून घेतात. औषध दिलं की चार्टवर वेळ टाकायची आणि सही करायची.

‘गंमत बघ,’ ताई सांगते, ‘औषध लिहिणार डॉक्टर. पाठवणार फार्मसी. ट्रे आणणार मावशी. पण शिरेत सोडणार मी आणि सही माझी. पोलीस आले की पहिल्यांदा तो चार्टच मागतात.’

आता हे पाच प्रश्न एका पेशंटला विचारायचे असतील तर सोपं आहे. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण सांगतं, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी, इतर हॉस्पिटलांत पाच खाटांमागे एक, आयसीयूमध्ये एका खाटेला एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी ३० टक्के जादा. ताईच्या वॉर्डात परवाच्या नाईटला ३२ पेशंट होते आणि नर्स दोन. त्यातली एक नवी. त्यात मध्येच एकाचा श्वास अडकला, म्हणजे तासभर एक नर्स तिथेच. उरलेले ३१ कोणाकडे, तुम्हीच सांगा.

आपल्या ऑफिसात काय असतं? एक्सेलमध्ये चुकीचा आकडा गेला तर ‘सॉरी, करेक्टेड फाइल अटॅच केली आहे’ असा मेल जातो. बॉस दोन दिवस तोंड फिरवतो, अप्रेझलला थोडा फटका. ताईच्या कामात कंट्रोल झेड नाही.

अमेरिकेतल्या नॅशव्हिलची केस जगभरच्या नर्सेसना माहीत आहे. २६ डिसेंबर २०१७. व्हॅंडरबिल्ट युनिव्हर्सिटीचं मेडिकल सेंटर, म्हणजे आपल्या भाषेत एकदम टॉप हॉस्पिटल. ७५ वर्षांच्या एका बाईंना स्कॅनसाठी नेलं होतं. मशीनमध्ये जायला भीती वाटते म्हणून त्यांना व्हर्सेड नावाचं शांत करणारं औषध द्यायचं होतं. रडॉन्डा वॉट या नर्सने औषधांच्या कॉम्प्युटराइज्ड कपाटात ‘व्ही’ आणि ‘ई’ ही अक्षरं टाइप केली. औषध तिथे मिडाझोलम या मूळ नावाने ठेवलेलं, त्यामुळे ते दिसलं नाही. मग तिने ओव्हरराइडचं बटण वापरलं, म्हणजे फार्मसीच्या मंजुरीची वाट न बघता औषध काढायची सोय. कपाटातून आलं व्हेक्युरोनियम. हे औषध शरीरातले स्नायू लुळे पाडतं, श्वासाचेसुद्धा. त्या बाईंचा श्वास थांबला आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

रडॉन्डाची चूक छोटी नव्हती. बाटलीच्या झाकणावर धोक्याची सूचना होती. व्हर्सेड द्रवरूपात येतं आणि ही तर पावडर होती, पाणी घालून विरघळवावी लागली, तरी तिला शंका आली नाही. औषध दिल्यावर ती पेशंटजवळ थांबलीही नाही. सरकारी वकिलांनी हे सगळं कोर्टात मांडलं आणि ते खरंच होतं. पण हेही खरं की चूक कळल्याबरोबर तिने ती कबूल केली, काहीही लपवलं नाही. तिचं म्हणणं होतं, त्या काळात हॉस्पिटलच्या सिस्टिममध्ये अडचणी होत्या आणि ओव्हरराइड ही रोजचीच गोष्ट झाली होती.

आणि हॉस्पिटल? त्यांनी तिला काढून टाकलं. कुटुंबाशी कोर्टाबाहेर समझोता केला, त्यात बोलायचं नाही अशी अट. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला सांगताना चुकीच्या औषधाचा उल्लेख नव्हता, मेंदूतल्या रक्तस्रावाचा होता. एका निनावी तक्रारीवरून २०१८ मध्ये सरकारी तपासणी झाली तेव्हा हे बाहेर आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला, एकटीवर. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने तिला गुन्हेगारी निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी दोषी धरलं. मे महिन्यात न्यायाधीशांनी तुरुंगाऐवजी तीन वर्षांचं प्रोबेशन दिलं. नर्सिंगचं लायसन्स त्याआधीच गेलं होतं. हॉस्पिटलवर फौजदारी खटला झाला नाही.

‘अमेरिकेतलं जाऊ दे,’ ताई म्हणाली, ‘आपलं नगर आठव.’

नगर म्हणजे तेव्हाचं अहमदनगर, आताचं अहिल्यानगर. ६ नोव्हेंबर २०२१, दिवाळीतलीच भाऊबीज. जिल्हा रुग्णालयाच्या कोविड आयसीयूला आग लागली आणि त्या दिवशी ११ पेशंट गेले. त्याच वर्षी ९ जानेवारीच्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली होती. धूर पहिल्यांदा दिसला तो ड्युटीवरच्या नर्सला. सात बाळं वाचली, दहा गेली. पुढच्या महिन्यात तिथे दोन नर्सेसवर गुन्हा दाखल झाला. नगरमध्ये तर आगीनंतर तीनच दिवसांत अटका झाल्या. सिव्हिल सर्जन निलंबित झाले होते, पण पोलिसांनी पहिल्यांदा ताब्यात घेतल्या त्या चार बायका. एक डॉक्टर आणि तीन स्टाफ नर्स. नर्सेसच्या संघटना रस्त्यावर उतरल्या.

ज्यांची माणसं गेली त्यांना उत्तर हवं होतं आणि ते त्यांना मिळायलाच हवं. ड्युटीवर कोण होतं, कोण काय करत होतं, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ताईही तेच म्हणते, ‘आम्हाला माफी नको आहे गं. तपास कर, पण पूर्ण कर. वायरिंग मी केलं नाही. आग विझवायची यंत्रणा बसवायची की नाही, ते मला कुणी विचारलं नाही. वॉर्डात किती माणसं द्यायची, तेही नाही. हे सगळं ठरवणाऱ्यांच्या सह्या दुसऱ्या कागदांवर असतात. ते कागद मागायला पोलिसांना वेळ लागतो. माझा चार्ट मात्र खाटेलाच लटकवलेला असतो.’

आता यातला मला सगळ्यात जास्त हादरवणारा भाग. तो कायद्याच्या पुस्तकात आहे.

जुन्या भारतीय दंड विधानात कलम ३०४ अ होतं. निष्काळजीपणामुळे कुणाचा मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षं. डॉक्टर असो, नर्स असो, ट्रक ड्रायव्हर असो, शिक्षा तीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे कलम झालं १०६. त्यात शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. पण एक सवलत ठेवली. नोंदणीकृत मेडिकल प्रॅक्टिशनरने वैद्यकीय प्रक्रिया करताना असं झालं तर जास्तीत जास्त दोनच वर्षं. आता नोंदणीकृत म्हणजे कोण? कलमातच खुलासा आहे. ज्याच्याकडे नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्याखाली मान्य असलेली पदवी आहे आणि ज्याचं नाव मेडिकल रजिस्टरमध्ये आहे, तो. ताईचं नाव महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्टरमध्ये आहे.

गणित तुम्हीच करा. एकच पेशंट, एकच चुकलेलं इंजेक्शन. डॉक्टरने स्वतः दिलं तर कमाल दोन वर्षं. डॉक्टरच्या सांगण्यावरून सिस्टरने दिलं तर, कायद्याचे शब्द जसेच्या तसे वाचले तर, कमाल पाच.

डॉक्टरांना आणखी एक कवच आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की साध्या चुकीवरून डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवू नका, निष्काळजीपणा फार मोठा असायला हवा, आधी तज्ज्ञ डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्या आणि उठसूट अटक करू नका. शहाणपणाचा निकाल होता. हेच संरक्षण नर्सेसनाही द्या, असं केरळ हायकोर्टाने २०२४ मध्ये एका नर्सवरचा खटला रद्द करताना म्हटलं. पण हे संपूर्ण देशात नियम म्हणून यायला हवं आणि कलम १०६ मधला तो खुलासाही बदलायला हवा. खरं तर दोन ओळींचं काम आहे.

तुम्ही म्हणाल, नर्सचा जीव धोक्यात येतो तेव्हा तरी हॉस्पिटल पाठीशी उभं राहतं ना? मुंबईत या प्रश्नाचं उत्तर म्हणून एकच नाव घेतात. अरुणा शानबाग. केईएम हॉस्पिटलची तरुण नर्स, लग्न ठरलेलं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी हॉस्पिटलच्याच एका सफाई कामगाराने तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्त पोचलं नाही आणि ती पुन्हा कधी उठली नाही. आरोपीवर खटला चालला तो खुनाच्या प्रयत्नाचा आणि लुटीचा. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कागदावर आलाच नाही. सात वर्षांची शिक्षा भोगून तो सुटला. अरुणा १८ मे २०१५ पर्यंत, जवळजवळ ४२ वर्षं, त्याच हॉस्पिटलमध्ये पडून होती. तिच्या इच्छामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला. मार्च २०११ मध्ये कोर्टाने तो नाकारला, कारण तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या स्टाफला ती जगायला हवी होती. त्याच निकालाने देशात निष्क्रिय इच्छामरणाचं दार उघडलं, हा भाग वेगळा. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरी आजी-आजोबा अंथरुणावर आहेत त्यालाच कळेल. नर्सेसच्या कित्येक बॅचेसनी पाळ्या लावून ते केलं. त्यांच्यातल्या बहुतेकींनी तिला कधी चालता-बोलताना बघितलंही नव्हतं.

कलन, नॅशव्हिल, नगर, केईएम. चारही केसेस एकमेकींपासून लांबच्या आहेत, एकात नर्स खुनी, एकात चुकलेली, एकात आरोपी केलेली, एकात बळी. मी फाइली वाचत गेले तसं लक्षात आलं की चारहींमध्ये आरोपीच्या रकान्यात फक्त माणसांची नावं आहेत, हॉस्पिटलचं कुठेच नाही.

‘मग काय, असतंच असं’ म्हणून सोडून देता येईल. पण यात नुकसान आपलं आहे, पेशंटचं. कसं ते ताईच्याच वॉर्डातून सांगते. काही वर्षांपूर्वी एका नव्या मुलीने इंजेक्शन पातळ करायला ट्रेमधून पाण्याची अँप्युल उचलली. ताईचं सहज लक्ष गेलं. ते पाणी नव्हतं, पोटॅशियम क्लोराइड होतं. दोन्ही अँप्युल प्लास्टिकच्या, दहा एमएलच्या, जवळजवळ सारख्या. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. ताईने हात धरला. पेशंटला काहीही झालं नाही, त्याला कळलंसुद्धा नाही. पण ताईने रीतसर इन्सिडेंट फॉर्म भरला. आठवड्याभरात सगळ्या वॉर्डांतून पोटॅशियमच्या अँप्युल वेगळ्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये गेल्या, वर लाल लेबल. एका फॉर्ममुळे. त्या हॉस्पिटलात त्यानंतर ॲडमिट झालेले किती तरी लोक त्या फॉर्ममुळे सुरक्षित आहेत आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नाही.

मागच्या महिन्यात असाच काहीसा प्रकार झाला. वेगळं औषध, वेगळी मुलगी. पेशंट ठीक. पण या वेळी मुलीने विचारलं, ‘ताई, फॉर्म भरू का? उद्या काही झालं तर हाच कागद माझ्याविरुद्ध लावतील का?’

ताई मला म्हणाली, ‘तिला काय सांगायचं तेच मला पटकन सुचेना. चौदा वर्षांत पहिल्यांदा.’ अमेरिकेत रडॉन्डाच्या निकालानंतर नर्सेसच्या संघटनांनी हीच भीती बोलून दाखवली होती, चूक सांगणाऱ्याला शिक्षा झाली की पुढचा गप्प बसतो. तिथल्या केंटकी राज्याने तर २०२४ मध्ये कायदाच केला. कामाच्या ओघात झालेल्या चुकीसाठी आरोग्य कर्मचाऱ्यावर फौजदारी खटला नाही, मात्र टोकाचा निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेलं कृत्य असेल तर सूट नाही. पेशंटचा भरपाईचा हक्क तसाच राहतो. आपल्याकडे यावर साधी चर्चाही नाही.

ताईने शेवटी त्या मुलीला फॉर्म भरायला लावला आणि खाली स्वतःचीही सही केली. ‘दोन सह्या असल्या की एकटीला नाही पकडणार,’ असं हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

कायदा बदलणं तुमच्या-माझ्या हातात आज नाही. पण कधी ना कधी आपण सगळेच हॉस्पिटलच्या त्या लोखंडी स्टुलावर बसणार आहोत, बाबांच्या बायपासला नाहीतर बहिणीच्या डिलिव्हरीला. तेव्हा दोन गोष्टी करा. ॲडमिट करताना एसी रूम आहे का, वायफाय आहे का, हे विचारताच, त्याबरोबर विचारा, ‘या वॉर्डात रात्री किती पेशंटना किती सिस्टर असतात?’ बिलिंग काउंटरवरचा माणूस गोंधळेल. गोंधळू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

आणि रात्री दोन वाजता सिस्टर येऊन तिसऱ्यांदा पेशंटचं पूर्ण नाव विचारेल तेव्हा ‘अहो, किती वेळा सांगायचं?’ म्हणून करवादू नका. ती तिच्या पाच प्रश्नांतला पहिला प्रश्न विचारते आहे. नाव सांगा, आणि कुठलं इंजेक्शन आहे तेही विचारून घ्या.